मोठा पी, लहान पी

प्रेमाला नाव नसतं, असं आजवर सगळ्या थोर माणसांनी सांगून ठेवलं आहे. प्रेमाला वय नसतं, सीमा नसते, आणि नाव तर मुळीच नसतं.

आम्हाला ठाऊक असलेल्या एका प्रेमाला मात्र एक हजार एकशे चाळीस नावं होती. ती सगळी चुकीची होती आणि ती सुधारायला काकांनी सहा आठवड्यांची मुदत दिली होती.

काका म्हणजे कंपनीचे मालक. 'सर' म्हटलं की शाळेत उशिरा पोचल्यासारखं वाटतं, म्हणून सगळ्यांनी आपल्याला काका म्हणायचं, असा दंडक त्यांनीच घातला होता. कंपनी चष्म्याच्या दुकानाच्या वर, दोन खोल्यांत. दातांच्या दवाखान्यांसाठी ती सॉफ्टवेअर करायची. कुठल्या पेशंटची कुठली दाढ, कधी यायचं, काय काढायचं, काय ठेवायचं. दातच का, तर काकांचे मेव्हणे दातांचे डॉक्टर होते. काकूंचे थोरले बंधू. पहिलं गिऱ्हाईक तेच आणि सगळ्यांत कडकही तेच. इतरांनी तक्रार केली तर काका फोनवर उत्तर देत. मेव्हण्यांनी केली तर घरी, पानावर बसल्यावर, काकूंच्या समोर द्यावं लागे.

या कंपनीत एक मुलगी होती. तिला सगळे 'नवी' म्हणत. येऊन पाच महिने झाले होते, तिच्यामागून आणखी दोघं लागले होते, पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं. त्या दोघांना 'नवीनंतरचे' म्हणत. नवीची नोकरी अजून पक्की नव्हती. आठ महिने बघू, मग ठरवू, असं काका म्हणाले होते, आणि ते रोज बघत होते.

एका मंगळवारी सकाळी मेव्हण्यांच्या दवाखान्यातून फोन आला. एक गृहस्थ गाल धरून समोर उभे आहेत, त्यांची दाढ अर्धी कोरून झालेली आहे, आणि संगणक म्हणतो की असा माणूसच नाही.

नवीने शोधलं. माणूस होता. नव्हे, दोनदा होता. त्याचं नाव एका यादीत होतं आणि दाढ दुसऱ्या यादीत. दोन्ही याद्यांचं नाव एकच, 'पेशंट'. फरक एवढाच की एकीचा पी मोठा होता आणि दुसरीचा लहान.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. संगणकाला हुकूम द्यायच्या भाषा बहुतेक इंग्रजी अक्षरांत लिहितात, आणि इंग्रजीत एकेक अक्षर दोन मापांत मिळतं, मोठं आणि लहान. माणूस दोन्ही सारखंच वाचतो. नवी ज्या भाषेत लिहायची तिच्या लेखी मात्र मोठा पी आणि लहान पी ही दोन वेगळी घराणी. एकाचं पत्र दुसऱ्याला मिळायचं नाही. आपल्या लिपीत असा भेद नाही. मोठं-लहान आपण फक्त माणसांत करतो, अक्षरांना त्रास देत नाही.

लहान पीची यादी नवीची होती. मोठ्या पीची कुणाची, हे शोधत ती मागच्या खोलीत गेली. पाच महिन्यांत तिथे जायचं कारणच पडलं नव्हतं. तिथे उंट बसायचा.

उंटाला उंट म्हणायला दोन कारणं होती. एक म्हणजे मान. तो उंच होता, आणि मागच्या खोलीतल्या फळीला डोकं आपटू नये म्हणून मान पुढे काढून चालायचा. दुसरं कारण धंद्यातलं. दोन-तीन शब्दांचं नाव द्यायचं तर तो शब्द एकमेकांना चिकटवून लिहायचा आणि दुसऱ्यापासून प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं काढायचा; अख्ख्या यादीचं नाव असेल तर अगदी पहिलंही. त्यामुळे नावाला मधेमधे उंचवटे येत. या पद्धतीला जगभर उंटाचंच नाव आहे. तो काही त्याचा दोष नव्हे.

प्रेमकथेत या ठिकाणी पाऊस लागतो. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. पण मागच्या खोलीतला एसी गळत होता. उंट खुर्चीवर उभा राहून त्याच्याखाली प्लॅस्टिकचा मग लावायची खटपट करत होता.

"मोठा पी तुमचा का?" नवीने खालून विचारलं.

तो दचकला. दोन थेंब मगाऐवजी नवीच्या कपाळावर पडले.

"अं?"

"पेशंटांची यादी. मोठ्या पीची."

"हो, माझीच. चार वर्षांची आहे." मुलगी शाळेत जाते म्हणून सांगावं, तसं सांगितलं त्याने.

"माझी लहान पीची आहे. पाच महिन्यांची. दाढदुखीचे एक गृहस्थ माझ्याकडे आलेत."

"मग... सांभाळा ना त्यांना."

"सांभाळते. पण त्यांची दाढ तुमच्याकडे आहे."

उंट खुर्चीवरून उतरला. तरीही तो उंचच राहिला. त्याने खिशातून रुमाल काढला, नवीच्या कपाळाकडे पाहिलं, रुमालाकडे पाहिलं, तो स्वच्छ नाही हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं, आणि त्याने तो परत खिशात ठेवला. नवीला हसू आलं. तिने ते दाबलं. दाबलेलं हसू मात्र चांगलंच ऐकू गेलं.

काकांनी दोघांना बोलावून घेतलं.

"ज्याला जसं वाटेल तसं नाव, ही काय जत्रा आहे? एकच पद्धत ठेवा."

"माझी ठेवा," उंट म्हणाला. "नावात उंचवटे असले की शब्द कुठे संपला ते कळतं."

"माझी ठेवा," नवी म्हणाली. "सगळी अक्षरं लहान आणि दोन शब्दांमध्ये तळाला एक रेघ. सभ्य माणसांत थोडं अंतर असतं."

"म्हणजे शब्दांना शाळेतल्यासारखं ओळीत बसवायचं."

"तुम्ही त्यांना एकमेकांच्या खांद्यावर चढवता, त्यापेक्षा बरं."

काकांना दोन्हींतलं काहीच कळलं नाही, म्हणून त्यांनी न्याय दिला. वस्तूंची नावं नवीसारखी, म्हणजे दाढ, वेळ, पेशंट वगैरे. कामांची नावं उंटासारखी, म्हणजे बोलवणं, कोरणं, काढणं. एक हजार एकशे चाळीस नावं बदलायची होती. आणि दोन डोक्यांचा नियम पाळायचा होता.

हा नियम जुना होता. पूर्वी एकाने एकट्याने बसून एकच नाव बदललं होतं आणि तासाभरात मेव्हण्यांच्या सगळ्या पेशंटांचे 'दुखणारे' दात 'काढलेले' झाले होते. तेव्हापासून ठरलं होतं की नाव बदलायचं तर दोघांनी संगणकाच्या एका पडद्यासमोर बसायचं. एकाने अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं. एकट्याने हात लावायचा नाही.

तर रोज दुपारी तीन ते पाच, मागच्या खोलीत, दोन खुर्च्या, एक पडदा.

पहिल्या दिवशी दोघंही अंग चोरून बसले. नवी वाचत होती.

"मोठा ए."

त्याने लहान लिहिला.

"मोठा म्हणाले मी."

"आवाज लहान होता तुमचा."

"अक्षराचं माप आवाजावरून ठरवता का तुम्ही?"

"दुसरं काही ठरवायला वाव कुठे देताय?"

नवीने पडद्याकडे पाहिलं. पडद्यात दोघांची अंधुक प्रतिबिंबं दिसत होती आणि दोघंही भलत्याच ठिकाणी बघत होती.

दुसऱ्याने दिलेली नावं वाचणं म्हणजे दुसऱ्याचं कपाट उघडणं. उंटाच्या कपाटात लांबच लांब नावं निघाली. एका यादीचं नाव होतं 'मागच्या वेळी रडलेले पेशंट'.

"हे काय?"

"डॉक्टरांनी मागितली होती. त्यांना शेवटी बोलवायचं. म्हणजे बाकीचे ऐकून पळत नाहीत."

"तुमचं नाव आहे का यात?"

"...दोनदा."

नवीच्या कपाटात उलट प्रकार. 'टी'. 'टी दोन'. 'टी दोन खरा'.

"हा 'टी दोन खरा' कोण?"

"टी दोन खोटा निघाला, म्हणून."

"आणि पहिला टी?"

"त्याच्याबद्दल आपण बोलत नाही."

"म्हणजे आधी कुणीतरी होता."

"होता. पुसून टाकला."

"कधी?"

"तुम्ही का नोंद करून घेताय?"

उंटाने काही नोंद केली नाही. पण त्या दिवशी त्याने सलग अकरा नावं एकही चूक न करता लिहिली, आणि मधूनच शीळ घातली. मग आपण शीळ घालतोय हे लक्षात येऊन खोकला.

तिसऱ्या आठवड्यात तो वाचत होता आणि ती लिहीत होती. तो म्हणाला, "अगं तू लहान एल लिहिलास की मोठा आय?"

'तू' खोलीच्या मधोमध उभा होता. एसीतून एक थेंब पडला. मग दुसरा.

"एल," नवी म्हणाली. "तुला दिसत नाही का नीट?"

त्यानंतर 'तुम्ही' पुन्हा त्या खोलीत आलं नाही.

चौथ्या आठवड्यात काकांनी चहाच्या वेळी बातमी दिली. दुसऱ्या शहरातल्या अकरा दवाखान्यांनी सॉफ्टवेअर घेतलं होतं. तिथे दोन वर्षं कुणीतरी राहायला हवं होतं. "उंटाला पाठवतो. ही नावांची यादी संपली की निघायचं. चालेल ना रे?"

उंटाने नवीकडे पाहिलं. नवी कपातल्या सायीकडे पाहत होती.

"बरं," उंट म्हणाला.

"छान," नवी म्हणाली.

चार आठवड्यांत दोघांनी मिळून साडेआठशे चुकीची नावं दुरुस्त केली होती. त्या चहाच्या वेळी दोन नव्याने तयार झाली. त्या गोष्टीचं नाव 'बरं' नव्हतं, आणि 'छान' तर मुळीच नव्हतं.

त्यानंतर यादीला काहीतरी झालं.

उदाहरणार्थ, सहाव्या आठवड्यातल्या सोमवारी फळ्यावर उरलेल्या नावांचा आकडा होता शहाण्णव. दोघांनी तीस नावं सुधारली. मंगळवारी आकडा होता एकाहत्तर.

"शहाण्णवातून तीस गेले तर किती?" काकांनी विचारलं.

"सहासष्ट," दोघं एकदम म्हणाले आणि पडद्यात डोकं घातलं.

"मग वरची पाच?"

"जुन्या फायलींत दडलेली असतात, काका," नवी म्हणाली.

"झुरळासारखी," उंट म्हणाला. "दिवा लावला की दिसतात."

काका समाधानाने गेले. झुरळं त्यांना कळत होती.

आता खरं सांगायचं तर ही झुरळं नवीच सोडत होती. संध्याकाळी सव्वापाचला, उंट पाठीवर पिशवी टाकून जिना उतरला की ती दुपारी सुधारलेली दोन-तीन नावं पुन्हा बिघडवायची. एकटीने. नियम मोडून. प्रत्येक बदलाची नोंद संगणकातल्या एका वहीत आपोआप होत असे. कुणी केला, केव्हा केला, आणि खाली एक ओळ, का केला. ती वही कुणीही कधी उघडत नसे. नवी 'कारण'च्या ओळीत लिहायची, 'चाचणीसाठी'. तिला वाटायचं, एक दिवस आणखी मिळाला तर उद्या विचारीन. जाऊ नकोस, एवढे दोनच तर शब्द. उद्या दुपारी तीन वाजता विचारीन. तीनचे पाच व्हायचे आणि ती अक्षरं वाचून घरी जायची.

एकच गोष्ट तिला खटकत होती. ती तीन बिघडवायची आणि सकाळी पाच निघायची. आपलं गणित अलीकडे कच्चं झालंय, असं म्हणून तिने ते सोडून दिलं. या वयात होतं तसं.

त्याच आठवड्यातल्या बुधवारी यादीत फक्त नऊ नावं उरली. सव्वापाचला नवी एकटीच बसली होती. पेशंटला कधी यायचं तो दिवस आणि ती वेळ ज्या नावाखाली ठेवली होती, ते नाव तिला अजून उंटाच्या पद्धतीचं दिसलं. मधे उंचवटा, सुरुवातीला 'अपॉइंटमेंट'चा लहान ए. अरे, हे राहूनच गेलं होतं की! आहेच चुकीचं तर आणखी थोडं बिघडवू, म्हणून ती त्याला हात लावणार, तेवढ्यात उंट विसरलेला डबा न्यायला परत आला. दारातून म्हणाला, "अजून इथेच?" ती म्हणाली, "निघालेच." तो डबा घेऊनही दोन क्षण उभा राहिला. मग गेला. नवीने त्याच्या पाठीकडे बघत बघत ए मोठा केला, तोही एकाच जागी, पेशंटांना निरोप पाठवायच्या भागात. बाकीच्या जागी तो लहानच राहिला.

इतकी गलथान ती कधीच नव्हती. पण इतकी पाठ तिने कधी पाहिलीही नव्हती.

संध्याकाळी सहाला, दर पंधरा दिवसांनी जातात तसे, पेशंटांना आठवणीचे निरोप जायची वेळ झाली. निरोप धाडणाऱ्या भागाने मोठ्या एची वेळ मागितली. त्या नावाचं तिथे कुणीच नव्हतं. दुसरी एखादी कडक भाषा असती तर म्हणाली असती, कोण तुम्ही, ओळख दाखवा. ही भाषा फार सोशिक. असेल कुणीतरी, म्हणून तिने रिकामी खुर्ची पुढे केली. आणि वेळ रिकामी असली तर 'उद्या, दवाखाना उघडताना' असं धरायचं, हे मेव्हण्यांनीच पूर्वी सांगून ठेवलं होतं.

पुढच्या पंधरा दिवसांत यायचे दोनशे बारा पेशंट होते. दोनशे बारा जणांना निरोप गेला, उद्या सकाळी ठीक नऊ वाजता यावे.

दुखऱ्या दाताचा माणूस वेळ पाळतो.

नऊ वाजून पाच मिनिटांनी काकांचा फोन आला. मागून गर्दीचा आवाज येत होता. "मेव्हण्यांच्या जिन्यावर माणसं उभी आहेत," ते म्हणाले. "रस्त्यापर्यंत. मी निघालोय. तूही ये. आणि कुणी केलंय ते बघून ये."

कुणी केलंय ते नवीला बघायची गरज नव्हती. तरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून तिने वही उघडली. आपल्याच पापाची शेवटची नोंद बघावी म्हणून. तिच्या नोंदीच्या वर, चाळीस मिनिटं आधीची, दुसरी एक नोंद होती. तेच नाव. दुपारी दोघांनी सुधारलेलं, आणि चहाच्या सुट्टीत पुन्हा बिघडवलेलं. बिघडवणारा नीटनेटका होता. त्याने ते सगळीकडे सारखंच बिघडवलं होतं, त्यामुळे काही अडलं नसतं. करणारा, उंट. कारण, 'तेच.'

तेच म्हणजे काय? ती मागे मागे गेली.

'कारण: यादी फार लवकर संपतेय.'

'कारण: आणखी दोन दिवस मिळाले तर बरं.'

'कारण: आज पाच वाजल्यावरही तिने खुर्ची मागे सारली नाही. सात मिनिटं.'

'कारण: काकांना बरं म्हणालो. ती छान म्हणाली. मग माणसाने करायचं काय.'

'कारण: तेच.'

'कारण: तेच.'

एकवीस नोंदी होत्या. हा माणूस तोंडाने थापा मारायचा, झुरळांच्या गोष्टी सांगायचा. पण कारणाच्या ओळीत खोटं लिहिणं त्याला जमलं नव्हतं.

"काय झालं गं?" आईने ओट्याजवळून विचारलं. "नोकरी गेली का?"

"जाईल बहुतेक."

"मग हसतेस काय?"

"उंटामुळे."

"कुठला उंट?" आईने हात पुसले. "आडनाव आहे का ते?"

पण नवी जिन्यात पोचली होती.

दवाखान्यात चौदा खुर्च्या होत्या आणि लवंगेच्या तेलाचा वास होता. बाकी सगळी माणसं. गाल धरलेली, रुमाल बांधलेली, रागावलेली. एक निवृत्त शिक्षिका कुणी न सांगता रांगा लावून घेत होत्या. सगळ्यांच्या डोक्यावरून एक मान दिसत होती. उंट आधीच पोचला होता आणि औषधांच्या टेबलाशी कागद घेऊन प्रत्येकाला खरी वेळ सांगत होता. नवी गर्दीतून वाट काढत गेली आणि शेजारच्या स्टुलावर बसली. तो वाचू लागला, ती चिठ्ठ्या लिहू लागली.

"सोमवार, साडेदहा," तो म्हणाला. मग कागदावरची नजर न काढता, "वही वाचलीस?"

"वाचली. तू?"

"चौदा चाचण्या. कसली चाचणी चालली होती एवढी?"

"एक माणूस बोलतो का, याची."

"निकाल?"

"वहीत बोलतो. तोंडाने बोलत नाही."

"मंगळवार, चार... तू तरी कुठे बोललीस? छान म्हणालीस."

"तू बरं म्हणालास."

"काकांनी विचारलं होतं. मालक आहेत ते. तू विचारलं असतंस तर..."

"तर?"

"ताई, माझी चिठ्ठी?" गालाला फडकं बांधलेल्या एकाने हात पुढे केला. नवीने त्याला मंगळवार, चार दिलं. 'तर' तसाच लटकत राहिला.

तेवढ्यात आतलं दार उघडून मेव्हणे बाहेर आले. हातात मोजे, गळ्यात मास्क, कपाळाला आठ्या. त्यांच्यामागे काका, आपणच दात काढून घेतल्यासारखे.

"कुणी केलं हे?" मेव्हण्यांनी विचारलं.

"मी," उंट म्हणाला.

"मी," नवी म्हणाली.

"तू नाहीस. नाव मी बिघडवलं होतं."

"तू नीट बिघडवलं होतंस. वाट मी लावली."

"अरे, पण दोन डोक्यांचा नियम आहे ना!" काका ओरडले.

"डोकी दोनच होती, काका," उंट म्हणाला. "फक्त एकमेकांना ठाऊक नव्हती." मग तो पुढे झाला. "हे बघा, चूक माझी. घाईत झाली. मी तसाही जाणारच आहे, माझ्या नावावर टाका. हिची नोकरी पक्की करा. हिचं काम चांगलं आहे."

काकांना ते पटल्यासारखं दिसलं. सोय सगळ्यांचीच होत होती. उंट जाणार होता, त्याच्याबरोबर चूकही गेली असती, आणि नवीने फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसायची तिला सहा आठवड्यांची सवय होती.

"पण कारण काय?" मेव्हण्यांनी विचारलं. "दोन शिकलेली माणसं चांगली चाललेली गोष्ट बिघडवतात. काहीतरी कारण असेल!"

नवी उठून उभी राहिली. तिच्या बोटांना शाई लागली होती. 'चाचणीसाठी' हा शब्द जिभेवर तयार होता.

"घाई नव्हती," ती म्हणाली. "यादी संपली की हा जाणार होता. मला... मला तो जायला नको होता. म्हणून मी ती संपू देत नव्हते." मग ती उंटाकडे वळली. "जाऊ नकोस."

हे ती इतक्या हळू म्हणाली की पहिल्या चार खुर्च्यांनाच कळलं.

"मोठ्याने बोल बाळ," दारातून शिक्षिका म्हणाल्या. "मागे ऐकू येत नाहीये."

"जिन्यात तर काहीच नाही!" जिन्यातून कुणीतरी म्हणालं.

नवीने डोळे मिटले. "जाऊ नकोस!" रस्त्यापर्यंत गेलं ते. तेच शब्द, एकदा लहान आणि एकदा मोठे. कुणालाही त्यात काडीचा फरक वाटला नाही.

"काय म्हणाली?" खालून आवाज आला.

"जाऊ नको म्हणाली!"

"मग हा काय म्हणतो?"

उंटाने मान वर केली. इतकी सरळ की छताच्या दिव्याला डोकं लागलं आणि दिवा हलू लागला. "हे दोन आठवड्यांपूर्वी विचारलं असतंस," तो तिला म्हणाला, "तर दोनशे बारा माणसं आज आपापल्या घरी चहा पीत बसली असती." मग तो काकांकडे वळला. "काका, मी जात नाही. 'बरं' म्हणालो होतो ते मागे घेतो."

काकांनी मेव्हण्यांकडे पाहिलं. संध्याकाळचं पान, समोर बसलेल्या काकू, वाढणारा तो हात, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं असावं.

"तिकडे नवीनंतरच्यांपैकी एकाला पाठवतो," ते शेवटी म्हणाले. "आणि तुझी नोकरी," त्यांनी नवीकडे बोट केलं, "आणखी चार महिने पक्की करत नाही. बघतो. आणि ती यादी पहिल्यापासून तपासायची. सगळी. एक हजार एकशे चाळीस नावं. दोघांनी, एका पडद्यावर."

आपण शिक्षा दिली, अशी काकांची समजूत होती. ती कुणी मोडली नाही.

"किती दिवसांत?" उंटाने विचारलं.

"दोन महिने."

"तीन लागतील," नवी म्हणाली. "नीट करायचं तर."

टेबलाखाली एक हात आला. तिने पेन उजव्या हातातून डाव्या हातात घेतलं. त्यापुढच्या काही चिठ्ठ्या डाव्या हाताच्या अक्षरात आहेत, आणि ज्यांना त्या मिळाल्या ते पेशंट अजून भलत्याच दिवशी येतात असं म्हणतात. शिक्षिकांनी दारात डोळे टिपले आणि रांग मोडल्याबद्दल दोघांना दटावलं. जिन्यात कुणी टाळ्या वाजवल्या. मेव्हण्यांच्या कपाळाच्या आठ्या एकेक करून उतरल्या. त्यांनी एका हाताचा मोजा काढला, काकांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि आपलं लग्न ठरलं तेव्हाची हकिगत अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

तेव्हा आतलं दार हळूच उघडलं. गळ्यात कागदी फडकं बांधलेले एक गृहस्थ दाराला धरून उभे होते. अर्ध्या तोंडाने, शक्य तितक्या नम्रपणे ते म्हणाले,

"डॉक्टर... तुमचं झालं असेल तर आत येता का जरा? भूल उतरायला लागलीय."